एक नाव, अनेक गावं : कळंब, तेर आणि माळवदाची घरं

आजचं व्याख्यान कळंबच्या जुन्या घरांवर आहे असं कळल्यावर आम्हाला दोघांनी विचारलं. एक म्हणाले, चिंतामणीच्या मंदिराबद्दल सांगणार ना? दुसरे म्हणाले, मंचरजवळचं ना ते? पहिल्यांच्या मनात यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब होतं, दुसऱ्यांच्या मनात पुणे जिल्ह्यातलं. आम्ही ज्या कळंबबद्दल बोलणार होतो ते धाराशिव जिल्ह्यातलं, मांजरा नदीच्या काठचं, तालुक्याचं ठिकाण. म्हणजे व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच आमचा मुद्दा या दोघांनी मांडून टाकला होता.

कळंब हे झाडाचं नाव आहे. संस्कृतात ज्याला कदंब म्हणतात तो आपला कळंब. झाडावरून गावाचं नाव पडणं ही आपल्याकडे इतकी साधी गोष्ट आहे की वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव किती आहेत ते मोजायला बसू नये. त्यामुळे कळंब नावाची गावं यवतमाळात आहेत, आंबेगाव तालुक्यात आहेत, इंदापुरात आहेत, कर्जतकडे आहेत. धाराशिव जिल्ह्यात वाशी नावाचा तालुका आहे. मुंबईत कुणाला सांगून बघा की आम्ही वाशीला राहतो, समोरचा विचारतो कुठलं सेक्टर. लोहारा तालुका आहे, लोहारा नावाची गावं विदर्भ-खानदेशातही आहेत. यात कुणाची चूक नाही. गावाला नाव ठेवणाऱ्या माणसाला शेजारच्या पाच गावांत गोंधळ होऊ नये एवढीच काळजी होती. तीनशे किलोमीटर लांबच्या माणसाचा विचार त्यानं कशाला करावा?

अडचण कुठं येते? जुन्या घराची, मंदिराची, बारवेची नोंद जेव्हा फक्त गावाच्या नावाखाली होते तिथं. वाडा उभा असेपर्यंत ठीक असतं. वाडा पडला, आणि मागं एक छायाचित्र आणि पाठीमागं 'कळंब, वाड्याचा चौक' एवढीच अक्षरं राहिली, की तो वाडा कुठल्याच कळंबचा उरत नाही.

हे आम्ही दुसऱ्याची चूक म्हणून सांगत नाही आहोत. आमच्याच नोंदवहीत झालेली आहे. जुन्या घरांची रेखाटनं आणि फोटो आम्ही बरीच वर्षं गोळा करतोय. सुरुवातीला उत्साह जास्त, शिस्त कमी. फाइलवर गावाचं नाव लिहायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. दोन वेगवेगळ्या प्रवासांतले कागद एकाच 'कळंब' लिहिलेल्या फाइलीत गेले, आणि काही वर्षांनी उघडलं तेव्हा पाच-सहा चित्रं अशी होती की ती यवतमाळची की धाराशिवची हे आमच्यापैकी कुणालाच खात्रीनं सांगता येईना. लाकडी खांब दोन्हीकडे, ओसरी दोन्हीकडे, कोनाडे दोन्हीकडे.

सुटका कशी झाली ते ऐका, कारण आजचा खरा विषय तिथून सुरू होतो. एका फोटोत भिंतीच्या वरच्या कडेला एक दगडी पन्हाळ दिसत होता, पाणी बाहेर फेकणारा. त्याच्या वर कठडा, आणि कठड्याच्या मागं काही नाही, आकाश. म्हणजे छत सपाट. म्हणजे माळवद. दुसऱ्या एका चित्रात उतरतं कौलारू छप्पर होतं. पाऊस जास्त असलेल्या यवतमाळच्या बाजूला आम्ही पाहिलेली घरं बहुतेक कौलारू होती, धाराशिवकडची माळवदाची. त्या आधारानं फाइल वेगळी झाली. गावाच्या नावानं जे सांगितलं नाही, ते छतानं सांगितलं.

तर माळवद. मराठवाड्यातल्या मंडळींनी थोडा वेळ सहन करावं, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांसाठी सांगतो. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं किंवा फळ्या, त्यावर पाला-काडीचा थर, आणि त्यावर माती. किती माती? फूटभर तर असतेच. जुन्या घरात दोन फूट, त्याहूनही जास्त. कारण दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळती थांबवायला वरून नवी माती टाकायची. जुनी काढायची नाही. त्यामुळे तीन पिढ्यांचं माळवद म्हणजे तीन पिढ्यांच्या मातीचं ओझं. हे ओझं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन खांबांच्या रांगांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं हे खणात सांगायचं. पाच खणांचं घर, नऊ खणांचं घर. दारातून आत आलं की ढाळज, तिथं बाहेरच्या माणसाची बैठक. मग चौक, चौकाभोवती सोपे. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन हात जाड, आणि त्या जाडीतच कुठं बळद, म्हणजे धान्य साठवायची जागा. जमिनीखाली पेव. आतल्या खोल्यांना खिडकी क्वचितच. उजेडासाठी माळवदालाच एक भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. दुपारी त्या साण्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो आणि तो कुठं सरकला त्यावरून घरातल्या बायका वेळ ओळखायच्या. उन्हाळ्यात बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असताना आत जो गारवा असतो तो त्या मातीमुळे. उन्हाळ्याच्या रात्री सगळं घर माळवदावर झोपायला.

आता प्रश्न असा की छतावर टाकायची ती माती येते कुठून? शेतातली काळी माती चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. लागते पांढरी माती. आणि पांढरी माती सापडते गावाच्या जुन्या वस्तीच्या जागी. आपल्या भाषेत शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, काळी-पांढरी असा जोड शब्दच आहे. हे नुसतं बोलणं नाही. जिथं माणसं शेकडो वर्षं राहिली, तिथं चुलीची राख, चुना, पडक्या भिंती, शेण, हाडं हे सगळं मिसळून माती खरोखर पांढुरकी होते. जुनी वस्ती उठून गेली की तिचं टेकाड उरतं. गावकरी ते टेकाड खणतात आणि ती माती माळवदावर चढवतात. म्हणजे प्रत्येक माळवदाच्या घरावर आधीच्या गावाचा एक थर असतो.

हे वाक्य सुंदर आहे म्हणून सांगत नाही. तेरला ते अक्षरशः घडलेलं आहे.

तेर धाराशिव शहरापासून वीस-एक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. नदीकाठी त्यांचं समाधी मंदिर, आणि गावात त्यांचं घर म्हणून भाविकांना एक जागा दाखवली जाते. कुंभाराचं घर. माती तुडवताना मूल पायाखाली आल्याची कथा सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे त्या घरात शिरताना माणूस आधी पायाखाली बघतो, असं आम्ही पाहिलं आहे. तर या गावाभोवती पांढरीची मोठमोठी टेकाडं होती. लोक माती खणायचे आणि मातीबरोबर मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी, खापरं निघायची. बहुतेकांना त्याचं काही वाटायचं नाही. एका माणसाला वाटलं. रामलिंगप्पा लामतुरे, गावातलेच व्यापारी. त्यांनी या वस्तू जमवायला सुरुवात केली, आयुष्यभर जमवल्या, हजारोंनी. तेरचं सरकारी संग्रहालय आज त्यांच्या नावानं आहे आणि त्याचा पाया त्यांचा संग्रह आहे. पुरातत्त्वाचं रीतसर उत्खनन १९५८ मध्ये आणि त्यानंतर पुन्हा काही वेळा झालं. पण कुदळ कुठं मारायची हे माळवदासाठी माती नेणाऱ्यांनी आधीच दाखवून दिलं होतं.

आणि इथं पुन्हा नावाचा प्रश्न येतो. कळंबला एक नाव आणि अनेक गावं होती. तेरच्या बाबतीत उलटं झालं: एक नाव होतं, प्रसिद्ध, आणि गाव सापडत नव्हतं. ते नाव तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची एक वही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. लेखकाचं नाव माहीत नाही. त्यात तो म्हणतो की भरूच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तगरहून साधं कापड पुष्कळ, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांतून, अवघड वाटांनी भरूचला येतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पुढं शिलाहार राजे आले. त्यांची घराणी तीन, उत्तर कोकणात, दक्षिण कोकणात आणि कोल्हापुरात. तिन्ही घराण्यांचे राजे ताम्रपटांत स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवतात, तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. राज्य ठाण्याला आणि बिरुद तगरचं! गाव सोडून पिढ्या लोटल्यावरही आडनावात गाव ठेवणारी आपली कुटुंबं आठवा. राजेही तेच करत होते.

मग तगर कुठं होतं? यावर शंभराहून जास्त वर्षं वाद चालला. विल्फर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं १७८८ च्या सुमाराला सांगितलं, देवगिरी. पंडित भगवानलाल इंद्रजींना वाटलं, जुन्नर. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बीडकडच्या धारूरचा तर्क केला. जॉन फेथफुल फ्लीट हा शिलालेखांचा मोठा अभ्यासक, त्यानं आधी कोल्हापूर म्हटलं. ही सगळी विद्वान माणसं होती, कुणाची टिंगल करायचं कारण नाही. पण त्यांची पद्धत बघा. हाताशी एक नाव आहे, एक बिरुद आहे, आणि एखादं मोठं, प्रसिद्ध, जुनं शहर शोधून ते नाव त्याला चिकटवायचं. देवगिरी पैठणच्या उत्तरेला आहे, जुन्नर पश्चिमेला. व्यापारी तर पूर्वेला म्हणतोय. धारूरची दिशा बऱ्यापैकी जुळत होती, पण तगरचं धारूर कसं झालं ते ओढूनताणून सांगावं लागत होतं.

१९०१ मध्ये फ्लीटनं आपलं जुनं मत सोडलं आणि लेख लिहिला: तगर म्हणजे तेर. आधीचं मत चुकलं हे स्वतः छापून सांगणं आम्हाला त्या लेखाइतकंच महत्त्वाचं वाटतं, असो. त्याचे आधार साधे होते. पैठणपासून तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, आग्नेयेला. भरूच ते पैठण साडेतीनशेच्या आसपास. वीस दिवसांत साडेतीनशे, दहा दिवसांत दीडशे. म्हणजे दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटर. भरलेल्या बैलगाडीची ती चाल आहे. प्रवासी तोच, गाडी तीच, हिशेब जुळला.

दुसरा आधार भाषेचा. मराठी माणसाला तो लगेच पटेल. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळून जातो. नगर, नयर, नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर, जामनेर, या सगळ्यांच्या शेपटीला नगरच आहे. आता 'न'च्या जागी 'त' ठेवा. तगर, तयर, तेर. काही ओढाताण करावी लागत नाही. मधला टप्पाही सापडतो. कनकामर नावाच्या जैन मुनींचं 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश भाषेतलं काव्य आहे, साधारण अकराव्या शतकातलं. त्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरात लेणं पाहतो अशी कथा आहे. तेरापूर म्हणजे तेर, आणि ते लेणं म्हणजे धाराशिवची लेणी, असं अभ्यासक मानतात. शहराजवळच्या डोंगरातली ती लेणी आजही बघायला मिळतात.

पण आम्हाला तिसरा आधार सगळ्यात मोठा वाटतो: कुणीतरी जाऊन बघितलं. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझन्स १९०२-०३ च्या सुमाराला तेरला गेले. त्यांनी टेकाडं पाहिली, विटांची जुनी मंदिरं पाहिली. त्रिविक्रमाचं मंदिर तर मूळचं विटांनी बांधलेलं चैत्यगृह आहे, मागची बाजू अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखं. अशी उभी राहिलेली बांधकामं देशात बोटांवर मोजण्याइतकी. आंध्रात चेझर्ला इथं एक आहे. गावात पूजा चालू राहिली म्हणून ते टिकलं. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, हेही कझन्सनी टिपून ठेवलं. मातीत भाताचं तूस मिसळून भाजल्यावर तूस जळतं, त्याच्या जागी पोकळी राहते, वीट हलकी होते. कुंभाराच्या गावाला हे शोभतं.

म्हणजे जे नाव इतकी वर्षं नकाशावर इकडून तिकडं फिरत होतं, ते शेवटी मातीवर येऊन थांबलं. आणि ती माती तोपर्यंत गावातल्या घरांच्या डोक्यावर होती!

आता थोडं लांब, इटलीला जाऊ, पण तेरचा धागा हातात ठेवून. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली आहे. तशाच घडणीची, आकारानं मोठी मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळे मूर्ती त्याआधीची हे नक्की. ती नेमकी कुठं घडवली यावर मतभेद आहेत. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, ती लिपी वायव्येकडची. तर घडण तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी जुळते. तो वाद आज बाजूला ठेवू. आम्हाला सांगायचं आहे ते ज्या घरात ती मूर्ती मिळाली त्या घराबद्दल. त्या घराचं नाव आता 'भारतीय मूर्तीचं घर' असंच पडलं आहे. आणि त्याला पत्ता आहे. भाग १, चौक ८, दार ५. एकोणिसाव्या शतकात फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञानं सगळ्या शहराचे भाग पाडले, भागांचे चौक, आणि चौकातल्या प्रत्येक दाराला क्रमांक दिला. एकोणीसशे वर्षांपूर्वी मालक मेलेल्या घराचा पत्ता जगातला कुणीही अभ्यासक एका ओळीत सांगू शकतो. कुठल्याही भाषेतल्या पुस्तकात तो सारखाच.

आणि कळंबचा आमचा वाडा? ज्याचे मालक हयात आहेत, ज्यात परवापर्यंत चूल पेटत होती? 'कळंब, वाड्याचा चौक.'

इथं कुणीतरी म्हणेल की पत्ता नाही कसा, सरकारी नोंद असतेच की. असते, बरोबर. मोठ्या गावात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिकेवर क्रमांक असतो. ग्रामपंचायतीत घरपट्टीसाठी नमुना आठचा उतारा असतो. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे, दोन कळंबांचे क्रमांक कधीच सारखे नसतात. पण या कागदांना घर म्हणजे क्षेत्रफळ आणि कर. त्यांना खण माहीत नसतात, साणं माहीत नसतं. आणि जे लोक खण मोजतात, चौकटीवरची नक्षी उतरवून घेतात, ते क्रमांक लिहीत नाहीत. दोन्ही वह्या वेगवेगळ्या कपाटांत.

शिवाय या जिल्ह्यात नावं बदलण्याचा इतिहास आहे. हा जिल्हा आधी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जायचा. मग निजामी काळात मुख्य ठिकाण धाराशिवला आलं आणि गावाचं, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद झालं. २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. नाव कुठलं असावं यावर बोलायला आज आम्ही उभे नाही, लोक ते ठरवतात. पण शोधणाऱ्याला हे ध्यानात ठेवावं लागतं. जुन्या इंग्रजी अहवालात तेर नळदुर्गखाली सापडेल, शंभर वर्षांच्या पुस्तकांत उस्मानाबादखाली, आणि उद्याच्या यादीत धाराशिवखाली. त्यातच इंग्रजीत आपल्या कळंबचं स्पेलिंग बऱ्याच सरकारी कागदांत 'कल्लम' असं आहे. निजाम राजवटीतले जुने कागद उर्दूत. एकच ओसरी चार कपाटांत चार नावांनी बसलेली असते, आणि शेजारच्या कप्प्यात दुसऱ्याच जिल्ह्याची ओसरी त्याच नावानं.

आता त्या ओझ्याकडे येऊ. माळवदाच्या.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. भूकंपाचं नाव किल्लारीचं पडलं, किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि उमरग्याकडची गावं या जिल्ह्यातली. बघा, इथंही एका गावाच्या नावानं दुसऱ्या गावांचं दुःख झाकलं गेलं. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता साधारण सव्वासहा. एवढ्या धक्क्यात जगात सगळीकडे एवढी माणसं मरत नाहीत. मारलं ते घरांनी. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंफलेला; आणि डोक्यावर पिढ्यान्पिढ्यांची माती. भिंती फुटल्या, छत खाली आलं.

नंतर अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट दिसली. ज्या घरांत तुळया थेट भिंतीवर टेकवलेल्या होत्या, तिथं भिंत गेली की सगळं गेलं. जिथं खणांचा पूर्ण लाकडी सांगाडा होता, खांब-तुळया एकमेकांत नीट बसवलेल्या होत्या, अशा काही घरांत भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. सगळीकडे असं झालं नाही, भिंतीचे दगड आत पडूनही माणसं गेली. पण फरक होता. लाकूड महाग झाल्यावर लोकांनी खांब कमी केले, भिंतीवर भिस्त ठेवली. जुन्या पद्धतीतलं शहाणपण खांबात होतं आणि धोका मातीत. पुढं लोकांच्या मनात मात्र दोन्ही एकच झालं. माळवद म्हणजे मरण. आम्ही किती घरांत ऐकलंय, पोरं म्हणतात, बाबा, आधी हे पाडा. त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं की वारसा जपा? आम्ही सांगत नाही. वरची माती उतरवून हलकी करा, खांब तपासा, भिंतीला आडवे बांध घाला, जाणकार अभियंत्याला दाखवा, एवढं म्हणतो. आणि पाडायचंच असेल तर पाडण्याआधी दोन दिवस द्या.

भूकंपानंतर बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. नव्या गावाला नाव जुनंच दिलं. त्यामुळे या भागात एक वेगळंच जोडनाव तयार झालं. एकाच नावाची दोन गावं, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक जिवंत आणि एक मोकळं. लोक त्यांना जुनं गाव आणि नवं गाव म्हणतात. नव्या गावात सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, ढाळज नाही, चौक नाही. जुन्या गावात बाभळी वाढल्यात, मधे कुठं उंबऱ्याचा दगड, कुठं जात्याची तळी, कुठं देऊळ, जिथं अजून नारळ फुटतो. आणि खाली माती. माळवदांवरची सगळी माती तिथंच पडली, दरवर्षीच्या पावसात बसत चालली. शंभर-दोनशे वर्षांनी ते टेकाड होईल. पांढरी. तेरला जे झालं तेच. आम्ही एकदा अशा जुन्या गावात उभे होतो तेव्हा एक आजोबा ट्रॅक्टरवाल्याला हटकत होते. तो माती न्यायला आला होता. आजोबा म्हणाले, ने, पण आमच्या घराची नको नेऊस. आणि त्यांनी बोट दाखवून घर कुठं संपतं ते सांगितलं. आम्हाला तिथं काहीच दिसत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही आमची पद्धत बदलली. आता कुठल्याही घराच्या नोंदीत आधी गाव नाही, आधी जिल्हा आणि तालुका, नदी कुठली, मग गावाचा जनगणना क्रमांक, मग गल्ली किंवा पेठेचं बोलीतलं नाव, मग मिळकतीचा किंवा नमुना आठचा क्रमांक. मग घर कशाच्या शेजारी आहे. मग खण किती, छत कसलं, माती किती, माती कुठून आणली असं घरचे सांगतात. हा शेवटचा प्रश्न लोकांना गमतीचा वाटतो. पण त्याच्या उत्तरातूनच कधीकधी आम्हाला माहीत नसलेलं जुनं टेकाड कळतं. गावाची जुनी-नवी सगळी नावं, स्पेलिंगांसह, एका ओळीत. फोटो काढताना पहिला फोटो दाराचा नाही, गल्लीच्या कोपऱ्याचा, जिथून शेजारचं देऊळ किंवा पाण्याची टाकी दिसेल असा. घरमालकाचं नाव जाहीर यादीत टाकत नाही, ते त्यांच्या परवानगीनं वेगळ्या वहीत. ही सगळी नोंद करायला अर्धा तास जास्त लागतो, बास.

मागच्या रांगेतून एक प्रश्न आला आहे, तो घेऊ आणि थांबू. ताई विचारतात की आमचं आडनाव कळंबकर, घरात कुणालाच माहीत नाही की मूळ कळंब कुठलं, शोधायचं कसं?

ताई, आडनावावरून सुरुवात करू नका, त्यातून काही निघणार नाही. कुलदैवत कुठलं ते बघा. तुळजाभवानी असेल तर त्यावरून ठरत नाही, ती निम्म्या महाराष्ट्राची आहे. पण तिच्याबरोबर येरमाळ्याच्या येडेश्वरीला घरातून कुणी जात असेल तर धाराशिवच्या कळंबची शक्यता वाढते, येरमाळा त्याच तालुक्यात आहे. घरात जुने उर्दू कागद असतील तर फेकू नका. निजाम राजवटीतल्या मालकीचे कागद असतात ते. वाचता येत नसेल तर फोटो काढून ठेवा, वाचणारे भेटतात. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना गावाचं नाव विचारू नका. विचारा, लहानपणी उन्हाळ्यात झोपायचात कुठं? माळवदावर म्हणाले तर मराठवाड्याकडची वाट धरा. अंगणात बाज टाकून म्हणाले तर आमच्याकडे या, यवतमाळची फाइल आता वेगळी आहे.